पाटावरची लाल बॅटरी

पेट्रोलवर चालणारं मॉडेल विमान सुरू करायचं तर एकानं पुढून पंखा फिरवायचा आणि दुसऱ्यानं मागं गुडघ्यावर बसून शेपूट धरायचं. इंजिन पेटलं की विमान पुढं धावू बघतं, त्याला धरून ठेवणारं कुणीतरी लागतं. आमच्या माळावर हे कुणीतरी म्हणजे मी. "ताई, शेपूट धरा," हे मी इतक्या वेळा ऐकलंय की माझ्या सगळ्या सलवारींच्या गुडघ्यांना मुरमाचा रंग कायमचा बसलाय.

कुणी म्हणेल, त्यात एवढं काय, कुणीतरी धरायलाच हवं. कबूल. पण मग कधीतरी दुसऱ्या कुणी धरावं की नाही? आमच्या विमान उडवणाऱ्यांच्या गटात दातांचे डॉक्टर आहेत, त्यांनी धरलं नाही, कारण त्यांची पाठ दुखते. दिवसभर लोकांच्या तोंडात वाकून बघताना ती दुखत नाही, माळावर आली की दुखते. आणि काकांनी शेपूट धरायचा तर प्रश्नच येत नव्हता.

काका म्हणजे आमच्या गटातले सगळ्यात ज्येष्ठ. माझे नात्याचे नाहीत, सगळेच त्यांना काका म्हणतात. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मोठे साहेब होते. निवृत्त झाले आणि साहेबी तिथं ठेवून यायची ती माळावर घेऊन आले. माळ पिशोरच्या रस्त्यावर आहे. शहराला लागून विमानतळ, म्हणून आम्हाला विमान उडवायला एवढं लांब यावं लागतं. पडीक, मुरमाड जागा. एका टोकाला बाभूळ, कडेला पत्र्याचं शेड आणि खालच्या अंगाला अद्रकाचं शेत. माळ आणि शेत दोन्ही काकांच्या साडूचं. जागा साडूची म्हणून शब्द काकांचा, हे कुणी कधी बोलून दाखवलं नाही, पण सगळ्यांना माहीत होतं.

मी वायरिंग हार्नेसच्या कारखान्यात काम करते. गाडीच्या दिव्यांपासून हॉर्नपर्यंतच्या सगळ्या वायरी ज्या एका जुडीत बांधलेल्या असतात, ती जुडी म्हणजे हार्नेस. त्या विभागाची मी प्रमुख आहे. माझ्या नजरेखालून गेलेली जुडी वायर सैल निघाली म्हणून परत आली, असं होत नाही. हे मी नम्रपणे सांगत नाही. या प्रकरणात मला नम्र व्हायचंच नाही.

आता थोडं ठिणगीबद्दल सांगते, कारण पुढचा सगळा संताप त्या ठिणगीपासून सुरू होतो. माझ्या लहानपणी आमच्या घरात रेडिओ होता. गल्लीत फटफटी शिरली की गाण्यात खरखर यायची. वडील पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचे, "आले बघ कंपाउंडर." आणि खरंच कंपाउंडरच असायचे, कारण गल्लीत फटफटी त्यांचीच. माणूस दिसायच्या आधी त्याच्या गाडीची ठिणगी आमच्या रेडिओत येऊन बसायची. पेट्रोल इंजिनात ठिणगी पडली की तिच्यातून आजूबाजूला असाच गोंगाट पसरतो. गल्लीत त्यानं गाणं बिघडायचं. विमानात तोच गोंगाट रिसीव्हरच्या कानात जातो. रिसीव्हर म्हणजे जमिनीवरच्या रिमोटचं ऐकून पंखांना आणि शेपटीला हुकूम देणारी छोटी डबी. तिला धड ऐकू आलं नाही, की विमान तुमचं राहत नाही.

हल्लीचे रिमोट पूर्वीपेक्षा खूप चांगले आहेत, हवेतून येणाऱ्या खरखरीला ते सहसा दाद देत नाहीत. पण वायरीतून आत घुसणाऱ्या गोंगाटाला तेही काही करू शकत नाहीत. म्हणून ठिणगी पाडणारी डबी, तिला इग्निशन म्हणतात, आणि रिसीव्हर या दोघांची बॅटरी वेगळी ठेवायची. स्विच वेगळा. दोघांमध्ये हातभर अंतर. प्लगच्या वायरीवर जाळीचं वेष्टण आणि ती जाळी इंजिनाला घट्ट टेकलेली. इग्निशन घोट घेतल्यासारखी करंट ओढते. एकाच बॅटरीवर दोघं असले की दर घोटाला रिसीव्हरचा वाटा कमी पडतो आणि तो मधेच भोवळ आल्यासारखा बंद होऊन पुन्हा सुरू होतो. जमिनीवर अशी भोवळ आली तर कळतसुद्धा नाही. हवेत कळतं.

माझं पेट्रोलचं विमान मी पुंडलिकनगरातल्या आमच्या घराच्या गच्चीवर बांधलं. पत्र्याखाली एक टेबल टाकलं होतं. सुट्टीच्या दिवशी सकाळपासून मी तिथं. बाल्सा लाकडाचा भुसा वाळत घातलेल्या कपड्यांवर बसायचा म्हणून नवऱ्याची कुरकुर असायची, पण चहा तोच आणून द्यायचा. वायरिंग करताना मी रिसीव्हरच्या बॅटरीला निळी पट्टी लावली, इग्निशनच्या बॅटरीला लाल. दोन्हींना वेगवेगळे कप्पे केले. नवरा वाकून बघत म्हणाला, "विमानातसुद्धा दोन चुली मांडल्यास का?"

"मांडल्या. आणि दोघींचं पटतंय बघ कसं," मी म्हटलं.

प्रत्येक वायर मी मेणाच्या दोऱ्यानं बांधली, कारखान्यात आमच्या जुन्या बाईंनी शिकवली तशी गाठ मारून. ती गाठ मी डोळे मिटून ओळखते. सांगायचं एवढंच की त्या विमानात माझ्या माहितीशिवाय एकही वायर नव्हती. आणि मला हवं होतं तेही एवढंच होतं, की एक दिवस ते विमान मी स्वतः माझ्या हातानं उडवावं. काही मोठं मागणं नव्हतं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या विमानांची शेपटं धरल्यावर तर नव्हतंच नव्हतं.

पण आमच्या गटात एक पद्धत होती. नवीन विमानाचं पहिलं उड्डाण काकांनी करायचं. रिमोट काकांच्या हातात द्यायचा, ते दोन-चार फेऱ्या मारणार, उतरवणार, "पास" म्हणणार, मग विमान मालकाचं. या पद्धतीला कुणी कधी का विचारलं नाही. मीही विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर "ताईला घाई झाली" असं झालं असतं. बाई काही बोलली की तिला एकतर घाई झालेली असते नाहीतर राग आलेला असतो. तिचं म्हणणं बरोबरही असू शकतं, हे कुणाच्या डोक्यातच येत नाही.

दुसरी पद्धत खंडेनवमीची. त्या दिवशी हत्यारं-अवजारं धुऊनपुसून पूजेला मांडायची आणि ती चालवायची नाहीत, त्यांना विश्रांती द्यायची. आमच्या गटानं ती विमानांना लावली होती. खंडेनवमीला सगळ्यांनी विमानं शेडमध्ये आणून ठेवायची, बॅटऱ्या काढायच्या आणि पाटावर ओळीनं मांडायच्या. झेंडूची फुलं, हळद-कुंकू, उदबत्ती. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला बॅटऱ्या परत बसवायच्या आणि मुहूर्तावर उडवायचं.

आमच्या घरी खंडेनवमी नसते. आम्ही बौद्ध. आमचा दसरा म्हणजे धम्मचक्र दिन. सकाळी पांढरी साडी नेसून विद्यापीठामागच्या लेणीवर जायचं, वंदना घ्यायची, चढून आलेल्या गर्दीत ओळखीची माणसं शोधायची. पण गटाचं म्हणून मी माझं जुनं विमान दरवर्षी शेडमध्ये ठेवायचे. श्रद्धा त्यांची आणि विमान माझं, दोन्ही एका पत्र्याखाली नांदायला मला अडचण नव्हती. त्या वर्षी हे नवीन विमान रिमोटसकट ठेवताना मी दोनच गोष्टी सांगितल्या. एक, नारळ फोडाल तर इंजिनावर पाणी उडवू नका, इग्निशनच्या डबीत पाणी गेलं की ती मरते. दुसरी, माझ्या बॅटऱ्या मी आल्यावर मीच बसवीन.

"व्हय, व्हय, तुम्ही या निवांत," काका म्हणाले.

दसऱ्याला लेणीवरून आम्ही निघालो तेव्हाच उशीर झाला होता. त्या दिवशी अख्खं शहर रस्त्यावर असतं. पांढऱ्या साडीवरच मी गाडीत बसले, नवरा गाडी चालवत होता आणि मी त्याला दर चौकात शॉर्टकट सांगत होते, जे सगळे बंद निघत होते. माळावर पोचलो तर लांबूनच इंजिनाचा आवाज आला. मी त्या इंजिनाचा आवाज गच्चीवर इतका ऐकला होता की ते कुणाचं आहे हे विचारायची गरज नव्हती.

माझं विमान धावपट्टीवर उभं होतं. झाकण बंद. नाकावर कुंकवाचं बोट. काकांच्या गळ्यात रिमोटचा पट्टा. दातांचे डॉक्टर पंखा फिरवून नुकतेच बाजूला झाले होते आणि मागं शेपूट धरून गटातलाच एकजण बसला होता. मला बघून तो उठायला लागला.

"काका, बॅटऱ्या कुणी बसवल्या?" मी ओरडून विचारलं.

"मी बसवल्या ना. आता मुहूर्त निघून चालला, तुमची वाट पाहून-पाहून. या, शेपूट धरा."

"इंजिन चालू ठेवून लांबून तपासलं का?"

ही तपासणी मला फार महत्त्वाची. रिमोटची ताकद मुद्दाम कमी करायची, विमानापासून लांब चालत जायचं आणि बघायचं की पंख नीट हलतात का. आमचं ठरलेलं ठिकाण म्हणजे ती बाभूळ. इंजिन बंद ठेवून एकदा आणि इंजिन जोरात चालवून एकदा. दुसऱ्यांदा केल्याशिवाय पहिल्याला काही अर्थ नाही, कारण गोंगाट करणारी ठिणगी इंजिन चालू असतानाच पडते.

"केलं, सगळं केलं. बंद असताना केलं," काका म्हणाले. "चालू असताना काय वेगळं होणार हाये? धरा लवकर, टाइम चाललाय."

धावपट्टीवर दहा-बारा माणसं, चालू इंजिन, कुणाच्या तरी हातात आरतीचं ताट. मी पांढऱ्या साडीवर मुरमात गुडघे टेकले आणि माझ्याच विमानाचं शेपूट धरलं. काकांनी हात वर केला. मी सोडलं.

पहिली फेरी सुरेख झाली, हे खोटं बोलून चालणार नाही. ते वळताना पंखावर ऊन पडलं आणि माझा राग क्षणभर विरघळला. दुसऱ्या फेरीत काकांनी इंजिन पूर्ण वाढवलं. विमान थरारलं. पंखांच्या कडा वर-खाली झाल्या, शेपटी एकदा इकडं, एकदा तिकडं. कुणी हुकूम दिलेला नसताना. काका रिमोटच्या दांड्या खेचत होते, विमान ऐकत नव्हतं. मग त्यानं नाक खाली घातलं आणि सरळ अद्रकाच्या शेतात गेलं.

आवाज फारसा झाला नाही. ओल्या वाफ्यात पडलं ना.

आम्ही सगळे शेतात धावलो. काका सगळ्यांच्या शेवटी, सावकाश आले. तुटक्या पंखांकडं एकदा बघितलं, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाले, "वायरिंगचा लोचा हाये. मला हातालाच कळलं. आतलं कनेक्शन ढिलं असणार."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "काका, उघडून तरी बघा."

"उघडून काय बघायचं? इतक्या वर्षांचा अनुभव हाये ताई. ह्यात तुमची चूक म्हणत नाय मी, बायांनी पेट्रोलच्या भानगडीत पडू नये इतकंच. फोमचं उडवा, इलेक्ट्रिकवालं, काय झंझट नाय."

दातांचे डॉक्टर माझ्या शेजारी येऊन हळूच म्हणाले, "तुम्ही नारळाला नको म्हणालात ना, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती."

मी नारळाला नको म्हटलंच नव्हतं. पाणी उडवू नका म्हटलं होतं. पण डॉक्टरांनी ते कसं ऐकलं होतं आणि का तसं ऐकलं होतं, हे मला तिथंच लख्ख कळलं. एवढं शिकलेला माणूस! लोकांच्या दाढा काढताना एक्स-रे बघतो की नारळ फोडतो?

संध्याकाळी जाताना ठरलं. म्हणजे काकांनी ठरवलं आणि बाकीच्यांनी माना हलवल्या. माझं पेट्रोलचं विमान काकांनी वायरिंग तपासून पास केल्याशिवाय माळावर यायचं नाही. मग त्यांनी खिशातून आपट्याचं पान काढून माझ्यापुढं धरलं. "सोनं घ्या ताई. आजच्या दिवशी मनात काय ठेवायचं नाय." सोनं मी दरवर्षी घेते, त्यांच्याच हातून घेत आलेय. त्या दिवशी माझे दोन्ही हात तुटक्या पंखांनी भरलेले होते. मी ते रिकामे केले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर मी विमान उघडलं. नवरा चहा घेऊन आला आणि न बोलता बाजूला बसला, कारण माझा चेहरा बघून त्याला कळलं होतं. झाकण वाकलं होतं, पट्टीनं उचकटावं लागलं. आत बघितलं आणि पहिल्यांदा मला वाटलं, हे माझं विमानच नाही.

माझे मेणाचे दोरे कापलेले होते. निळी बॅटरी जागेवर होती आणि तिच्या तोंडातून एक काळी, जाड, दोन तोंडांची वायर निघाली होती. एक तोंड रिसीव्हरला, दुसरं इग्निशनला. जोडावर दुकानात मिळते ती काळी चिकटपट्टी गुंडाळलेली. लाल बॅटरीचा कप्पा रिकामा होता. स्वच्छ, पुसल्यासारखा रिकामा.

ती वायर माझी नव्हती. मी असली वायर कारखान्याच्या दारातसुद्धा येऊ दिली नसती.

मी काकांना फोन लावला. आवाज चढू द्यायचा नाही असं ठरवून लावला.

"काका, माझी लाल पट्टीची बॅटरी कुठंय?"

"हाये ना. शेडमधीच हाये, पाटावर. मी मुद्दामच नाय बसवली."

"का?"

"अहो, नाक लई जड झालं होतं तुमचं. दोन-दोन बॅटऱ्या कायला पाहिजे? एकीतूनच दोन्हीकडं लाइन देऊन टाकली. माझ्याकडची वायर टाकली, चांगली जाडजूड."

त्यांच्या आवाजात लपवाछपवी अजिबात नव्हती, हेच मला सहन होईना. चोरी केलेला माणूस निदान गडबडतो. यांना आपण उपकार केले असं वाटत होतं.

"काका, त्याच वायरीमुळं पडलं विमान."

"असं काय नसतं, ताई. कारखान्यात सगळ्या गाड्या एकाच बॅटरीवर चालतात. पडल्या का?"

गाडी पडत नाही, काका, ती रस्त्यावर असते. हे मला फोन ठेवल्यावर सुचलं.

आम्ही त्याच दिवशी माळावर गेलो. शेडला कुलूप नसतं. पाट कोपऱ्यात तसाच होता. बाकी सगळ्यांच्या बॅटऱ्या उचलून नेलेल्या, एकटी माझी तिथं बसली होती. डोक्यावर हळद-कुंकू, अंगावर अक्षता, सुकलेलं झेंडूचं फूल. मी ती मीटरला लावली. पूर्ण भरलेली. ज्या बॅटरीनं माझं विमान हवेत सांभाळायचं होतं, ती पाटावर फुलं घेऊन बसली होती आणि विमान तिच्यावाचून शेतात पडलं होतं. मी तिथंच मुरमावर बसून रडले. दुःखानं नाही, चिडून. नवऱ्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि बॅटरीवरचं फूल काढायला गेला. मी म्हटलं, राहू दे, असंच दाखवायचंय.

पुढच्याच रविवारी मी सगळं सामान घेऊन माळावर गेले. इंजिन वाचलं होतं, इग्निशन आणि रिसीव्हरही वाचले होते. शेडच्या लोखंडी खांबाला एक फळी आवळून बांधली, तिच्यावर हे तिन्ही बसवलं आणि पंख हलवणाऱ्या दोन मोटरी बाहेर काढून सगळ्यांना दिसतील अशा ठेवल्या. त्यांना सर्व्हो म्हणतात, वर एक छोटा दांडा असतो. मी म्हटलं, "या सगळे. काका, तुम्हीसुद्धा या."

आधी माझ्या पद्धतीनं जोडलं. निळी रिसीव्हरला, लाल इग्निशनला, कुंकवासकट. नवऱ्यानं रिमोट घेऊन बाभळीपर्यंत जायचं आणि मी इंजिन पूर्ण वाढवायचं. दांडे स्थिर. नवऱ्यानं हलवले तेवढेच हलले, जिथं थांबवले तिथं थांबले. मग इंजिन बंद करून मी काकांची काळी वायर लावली आणि तेच पुन्हा केलं. इंजिन वाढलं तसे दांडे थरथरायला लागले, हिवताप चढलेल्या माणसाचे दात वाजावेत तसे. मग एकदम एका बाजूला गेले आणि तिथंच अडकले. नवरा लांबून हातवारे करत होता की मी काहीच करत नाहीये.

मी इंजिन बंद केलं.

"बघा," मी म्हटलं. "वायरिंगचा लोचा होता, काका. फक्त वायरिंग माझं नव्हतं."

काकांनी दांड्यांकडं बघितलं, फळीकडं बघितलं, आणि म्हणाले, "हे जमिनीवर झालं. हवेतलं अलग असतं."

मी बाकीच्यांकडं बघितलं. एकजण बुटाच्या टोकानं मुरूम उकरत होता. एकाला त्याच वेळी फोन आठवला. दातांचे डॉक्टर आकाशात घारी बघत होते. सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं आणि सगळे मूग गिळून उभे होते, कारण माळ साडूचा.

संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला. "ताई, तुमचं हंड्रेड पर्सेंट बरोबर होतं. पण तिथं बोलणं बरं दिसलं नसतं."

"आणि नारळाचं बोलणं बरं दिसलं का?" मी विचारलं.

ते हसले. मी हसले नाही. त्यांनी विषय बदलला आणि मी फोन ठेवला.

त्यानंतर जे झालं त्याचा मला त्या पडण्यापेक्षा जास्त राग आहे. हळूहळू, एकेका रविवारी, एकेका विमानात दुसरी बॅटरी दिसायला लागली. आधी डॉक्टरांच्या. मग बाकीच्यांच्या. कुणी मला विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. मी जवळ गेले की झाकण लावायचे. शेवटी काकांच्या स्वतःच्या विमानात दिसली, आणि तिला लाल पट्टी! नंतर गटात एक नवीन गृहस्थ आले. काका त्यांना समजावत होते, आणि मी पाच पावलांवर उभी राहून ऐकत होते.

"इग्निशनची बॅटरी अलग ठेवायची बरं का. मी पहिल्यापासून सांगतोय सगळ्यांना. ठिणगीचा लई त्रास असतो."

घरी येऊन मी भांडी आपटली. नवरा म्हणाला, "अगं, एक बरं झालं ना, आता कुणाचं विमान तरी पडणार नाही."

"मला विमानांचं सांगू नकोस," मी म्हटलं. त्याला कळलं. त्या दिवशी भांडी त्यानं घासली.

विमान पुन्हा बांधायला माझा पावसाळ्यापर्यंतचा वेळ गेला. पंख नवे, नाक नवं. वायरिंग सगळं उतरवून पुन्हा केलं, त्याच गाठी मारून. लाल बॅटरीवर कुंकवाचा डाग राहिला होता, तो मी पुसला नाही. एका ढगाळ रविवारी आम्ही विमान माळावर नेलं. वायरिंग पास करून घ्यायला काकांकडं आधी गेले नव्हते आणि जाणारही नव्हते. साडूनं येऊन माळावरून हाकललं असतं तरी मी त्या दिवशी हलले नसते.

विमान धावपट्टीवर ठेवलं. सगळे जमले. काका पुढं आले आणि नेहमीसारखा हात पुढं केला, रिमोटसाठी. दसऱ्याला पास केल्याशिवाय आणायचं नाही असं ठरलं होतं, ते त्यांना आठवत होतं की नाही कुणास ठाऊक. त्यांचा चेहरा इतका सहज होता की मला हसू आलं. यांच्या डोक्यात काहीच घडलं नव्हतं. नवीन विमान, पहिलं उड्डाण, रिमोट द्या.

मी रिमोटचा पट्टा माझ्या गळ्यात घातला.

"काका, पहिलं मी उडवणार."

"ताई, पद्धत—"

"पद्धतीनं पडलं मागच्या वेळी."

नवीन गृहस्थ घाबरून एकदा माझ्याकडं, एकदा काकांकडं बघत होते. डॉक्टर पुन्हा घारी शोधायला लागले. मी थांबले नाही. नवऱ्याला शेपूट धरायला बसवून मी रिमोट घेऊन बाभळीपर्यंत चालत गेले, आधी इंजिन बंद ठेवून आणि मग पंखा फिरवून, इंजिन पूर्ण वाढवून. पंखांच्या कडा आणि शेपटी मी सांगेन तशीच हलली. परत येऊन मी इंजिन बंद केलं आणि नवऱ्याला उठवलं, कारण तो पंखा फिरवणार होता. शेपटीजवळ कुणी नव्हतं.

सगळे माझ्याकडं बघत होते. मी तिथं जाऊन गुडघे टेकेन असं त्यांना अजूनही वाटत असावं.

"काका," मी म्हटलं, "शेपूट धरा."

काका हलले नाहीत. त्यांनी एकदा मागं वळून बघितलं, दुसऱ्या कुणाला तरी हाक मारावी तसं. कुणीच पुढं झालं नाही. त्यांच्या वेळी गप्प बसणारी ती सगळी माणसं माझ्या वेळीही तशीच गप्प बसली, आणि पहिल्यांदा त्यांचं गप्प बसणं माझ्या कामाला आलं.

काका सावकाश मागं गेले. पँट वर ओढली, आधी एक गुडघा टेकला, मग दुसरा, आणि दोन्ही हातांनी शेपूट धरलं. नवऱ्यानं पंखा फिरवला. इंजिन पेटलं. त्या आवाजात काका माझ्याकडं बघून काहीतरी म्हणाले. ओठ हलताना दिसले, शब्द ऐकू आले नाहीत. काय म्हणालात, असं मी विचारलं नाही.

मी हात वर केला. त्यांनी सोडलं.